झऱ्याजवळची तीन शेते

ॲन आर्बर, मिशिगन
शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

चि. सुशांत यास अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या दिवाळी अंकातील ‘माझे काका आणि जावा’ हा तुझा लेख शेजारच्या विनीताने आणून दिला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल हाती घेऊन. पुतण्याने काकाविषयी आदराने लिहावे हे चांगलेच, परंतु आदराने तपशील सुधारत नाहीत.

मी केडुंगलाबान या गावी १९८१ साली गेलो नव्हतो. १४ मे १९७९ रोजी पोहोचलो आणि २ फेब्रुवारी १९८० रोजी निघालो. ते गाव बाली बेटावर नसून पूर्व जावात, डोंगराच्या उतारावर आहे. तुझी काकू तेथे ‘फिरायला’ आली नव्हती. सुहासिनी सात महिने राहिली आणि आमचे यजमान पाक मार्तो यांच्या चुलीपाशी माझ्यापेक्षा अधिक शिकली. ‘पाक’ हे आडनाव नव्हे. आपल्या ‘राव’सारखा तो आदराचा शब्द आहे. मला तेथे पाक लेंद्र म्हणत. शैलेंद्र हे त्यांच्या एका प्राचीन राजघराण्याचे नाव असल्यामुळे पहिले चार दिवस गावाची करमणूक झाली. पाक मार्तो म्हणाले, “राजे परत आले. आता मोजणी होणार.” मी मोजणीच करण्यास आलो होतो, त्यामुळे मला हसता आले नाही.

तू लिहितोस, ‘गावात बारा श्रीमंत मालकांची बारा शेते होती.’ भाताची बारा शेते होती, हे खरे. श्रीमंत कोणीही नव्हते. ‘मालक’ हा शब्द तर तेथे मुळीच लागू पडत नाही. का, ते सांगण्यास दोन पाने लागतील आणि ती तू वाचणार नाहीस.

शेवटची चूक सर्वांत गंभीर. ‘काकांनी काढलेला नकाशा दुर्दैवाने हरवला.’ तो हरवलेला नाही. माझ्या डाव्या हाताच्या फळीवर, निळ्या वहीत, बाराही नावांसह आहे.

इशितास व सियास आशीर्वाद.

तुझा,
शैलेंद्रकाका

—

ॲशबर्न, व्हर्जिनिया
२३ ऑक्टोबर २०२४

काका, नमस्कार.

हे ईमेल विनीता मावशींच्या आयडीवर पाठवतोय, त्या प्रिंट काढून देतील. पेपरवर लिहायला बसलो असतो तर थँक्सगिव्हिंग आलं असतं.

सॉरी, लेख घाईत लिहिला. सियाने तुमचं पत्र पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा ग्रेडेड यू?” मी म्हटलं हो, आणि फेल केलं.

पण मॅप आहे हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. ॲक्च्युअली आमच्या टीमकडे पूर्व जावातली एक साइट आहे आणि योगायोग बघा, तुमच्या गावाच्या अगदी जवळ. बॅकग्राउंड स्टडी चालू आहे. तिथल्या ऑफिसमधलं जुनं रजिस्टर पुरात भिजून गेलं, कोणाकडेच काही नाही. तुमचा मॅप बहुतेक जगातला एकमेव असेल. त्याची नीट कॉपी करून पाठवाल का? फक्त प्लॉट्स आणि नावं, बाकी एक्स्प्लनेशन नको.

खरं सांगू का, या महिन्यात टीममधले चौघं गेले. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. सियाची शाळा, घर, सगळं त्या साठ दिवसांत. मला काहीतरी हातात घेऊन मीटिंगला जायचंय.

सुशांत

—

ॲन आर्बर
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

चि. सुशांत यास आशीर्वाद.

सोबत नकाशा. आज घड्याळे एक तास मागे घेतली. तो जादा तास मी यात घातला.

जुन्या वहीतील रेघा पुसट झाल्या होत्या, म्हणून काळ्या शाईने नव्याने काढला. सर्वांत वर झरा आहे. त्याच्या काठाला तीन शेते: पाक कार्सो, पाक विर्यो आणि गिना नावाची विधवा. तेथून पाणी एकेका पायरीने खाली उतरते. वरच्याने बांध उघडला तरच खालच्याला ते मिळते. सर्वांत खालून दुसरे, म्हणजे अकरावे शेत, आमच्या पाक मार्तोंचे. त्यांची पाच वर्षांची मुलगी वारसिनी मला साखळी धरू लागे आणि मोजणीत माझ्या आधी आकडा सांगे.

तू ‘मॅप’ लिहितोस. ‘नकाशा’ हाही मूळचा परकाच शब्द, परंतु तो आपल्याकडे काही शतके राहून शिकला-सवरला आहे. त्याला वापरावे.

एक्स्प्लनेशन नको म्हणालास, दिलेले नाही. खाली आजची तारीख घालून पूर्ण सही केली आहे. तारखेविना कागद म्हणजे नुसता कागद.

तुझा,
शैलेंद्रकाका

—

ॲशबर्न
१२ नोव्हेंबर २०२४

काका,

मॅप (नकाशा, नकाशा) मिळाला. तुमचं अक्षर बघून आमचा डिरेक्टर म्हणाला, हे फ्रेम करून लावू. मीटिंग मस्त झाली. माझं नाव ले-ऑफच्या लिस्टमधून निघालंय, निदान मार्चपर्यंत. इशिताने तीन आठवड्यांनी पोटभर झोप घेतली.

ती हसत होती, म्हणाली, “काकांकडून काही हवं असेल तर चुकीचं लिहून पाठवायचं. दुरुस्त करून सगळं परत येतं.” जोक होता हं.

एक छोटी गोष्ट. वरच्या तीन प्लॉट्समधले कार्सो, विर्यो आणि गिना, यांची मुलं आता कुठे असतील? तुमच्याकडे जुनी पत्रं असतील ना?

सुशांत

—

ॲन आर्बर
२० नोव्हेंबर २०२४

चि. सुशांत यास आशीर्वाद.

तिन्ही घरांनी गाव सोडून तीस वर्षे झाली. कार्सोंचा मुलगा सुराबाया शहरात मोटारसायकली दुरुस्त करीत असे. विर्योंची मुलगी विवाहानंतर मलेशियात गेली. गिनाचा नातू बोटीवर स्वयंपाकी होता. मजकडील शेवटचे पत्ते १९९४ सालचे आहेत. ते मागील बाजूस लिहिले आहेत.

ही माणसे तुला कशासाठी हवी आहेत, हे तू लिहिले नाहीस. तुझ्या पत्रात एरवी सर्व काही दोनदा असते.

शैलेंद्रकाका

—

ॲन आर्बर
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत,

माझ्या प्रश्नास अकरा आठवडे उत्तर आले नाही. ते काल तुझ्याकडून नव्हे, केडुंगलाबानहून आले.

वारसिनी आता एक्कावन्न वर्षांची आहे. गावच्या शाळेत शिकवते आणि वडिलांचे शेत करते. तिच्या पत्राचे भाषांतर जसेच्या तसे देतो.

‘२० जानेवारी २०२५. आदरणीय पाक लेंद्र, तुमचे १ नोव्हेंबरचे पत्र मिळाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे या वेळी तारीख घातली आहे. झऱ्याभोवती लोखंडी जाळी लागली. भात उभे असताना वरची तीन शेते आत गेली. त्या शेतांवर सध्या राबणाऱ्या तिघांना सांगण्यात आले की, तुम्ही येथले कोणी नाही. सुराबायाहून आलेल्या माणसाने विकत दिल्याचा कागद दाखविला आणि त्याच्या मागे तुमचा नकाशा होता. मी तुमचे अक्षर लगेच ओळखले. जाळीच्या आतून बांध दिवसातून एकदा उघडतात, कधी उघडतही नाहीत. माझ्या वडिलांना तुम्ही दिलेला शब्द त्या तिघांना मी सांगितला नाही. या ऑगस्टमध्ये झऱ्याची पाळी माझी आहे. आमची हरकत २४ मार्चला जिल्हा कचेरीत ऐकणार आहेत. कचेरीत म्हणतात, अमेरिकेतल्या प्राध्यापकाची सही आहे, तुमच्याकडे काय आहे?’

आता ती दोन पाने तुला वाचावी लागतील. मी त्यांचे अर्धे पान करतो.

तेथील शेत कोणा एकाचे नसते. दर ऑगस्टमध्ये कापणी झाली की बाराही घरे एकेक शेत वर सरकतात. झऱ्याजवळचे घर सर्वांत खाली जाते. म्हणून तेथे कोणी कोणाचे पाणी अडवीत नाही. जो आज वर बसला आहे, तो पुढच्याच वर्षी सर्वांच्या खाली असतो. सरकण्याच्या दिवशी झऱ्यापाशी जेवण होते. त्याला स्लामेतान म्हणतात. बाराही घरे एकाच भाताच्या राशीतून खातात आणि जेवून उठताना जो तो नव्या शेताकडे चालू लागतो. गाव सोडून गेलेल्याची पाळी संपते. ती नव्या घराला मिळते. कार्सो, विर्यो आणि गिना झऱ्यापाशी होते ते १९७९ च्या एका पाळीपुरते. त्यांच्या मुलांजवळ विकण्यासारखे काहीही नव्हते.

नकाशाखाली मी नक्कल केल्याची तारीख घातली, मोजणीची घातली नाही. ही चूक माझी. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे एक वर्ष त्यामुळे आजचे ठरले. परंतु मोजणी कधीची, हे तुला ठाऊक होते. पहिल्या पत्रात मी ते ठळक लिहिले होते.

वारसिनीचे याआधीचे एक पत्रही माझ्याकडे आहे. त्यात ती लिहिते की, माणसे झऱ्याजवळच्या शेतांची चौकशी करीत आहेत, कोणी नकाशा मागितल्यास आधी आम्हांस विचारा. ते ९ नोव्हेंबर रोजी, म्हणजे नकाशा टपालात पडल्यानंतर आले. तेव्हा उशीर झालेला होता.

हा व्यवहार थांबव.

शैलेंद्रकाका

—

ॲशबर्न
११ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. थांबवणं माझ्या हातात नाही. कंपनीने स्वतः काही विकत घेतलेलं नाही, तिथला लोकल पार्टनर आहे, त्याने घेतलंय. डेटा सेंटरमधले सर्व्हर थंड ठेवायला पाणी लागतं, झरा नसेल तर साइटच नाही. आणि ही साइट माझ्या नावावर आहे.

तुम्ही म्हणता मला माहीत होतं. मला वर्ष माहीत होतं. शेतं दरवर्षी सरकतात हे मला कोणी सांगितलं होतं? तुम्ही लिहिलंत की मी दोन पानं वाचणार नाही. मी वाचली असती, काका.

आता नीट ऐका. लिगल टीम तुम्हाला एक ॲफिडेव्हिट पाठवतेय. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक, नकाशा तुम्ही काढला. दोन, देताना गावातल्या कोणाची हरकत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तेवढ्यावर सही केलीत की नकाशा गुड फेथमध्ये दिला असं होतं आणि २४ मार्चला काही प्रॉब्लेम येत नाही. हरकत माहीत असताना दिला असं निघालं, तर नकाशाच बाद होतो. मग डील उघडावं लागतं आणि पहिलं डोकं माझं.

आणि एक सांगायचं होतं. तिच्या पत्रात पहिलीच ओळ आहे, ‘तुमचे १ नोव्हेंबरचे पत्र मिळाले.’ तिचं पत्र तुम्हाला नऊला आलं, तर एकलाच तुम्ही तिला उत्तर कसं लिहिलंत?

मी ती ओळ कोणाला दाखवलेली नाही. भाषांतर करताना तुम्हीही ती गाळू शकला असतात. नाही गाळलीत. तुम्ही तसे आहात म्हणूनच मला भीती वाटतेय.

माझ्यासाठी नऊ नोव्हेंबरच राहू दे. इशिताला यातलं काही माहीत नाही. सियाने तुमच्या गावाचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय. वर निळा झरा, खाली पायऱ्या.

सुशांत

—

ॲन आर्बर
शनिवार, १५ मार्च २०२५

चि. सुशांत यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र ई-पत्राने येत आहे, याचे तुला आश्चर्य वाटेल. केडुंगलाबानच्या टपालास तीन आठवडे लागतात आणि मजजवळ नऊ दिवस आहेत. विनीताच्या यंत्रावर मी स्वतः टंकले. एका बोटाने, साडेतीन तास. ती दोनदा चहा ठेवून गेली आणि एकदा म्हणाली, “काका, मी करून देते, तुम्ही सांगा.” हे सांगून लिहून घेण्यासारखे नव्हते.

तुमच्या वकिलांचे शपथपत्र महिनाभर टेबलावर होते. भाषा निर्दोष आहे. एकही वाक्य मोडत नाही. मी त्यावर सही करणार नाही.

तू विचारलेस, एक तारखेला उत्तर कसे लिहिले? लिहिले होते. वारसिनीने चौकशी करणाऱ्या माणसांविषयी घाबऱ्या घाबऱ्या चार ओळी पाठविल्या होत्या, आणि मी तिला कळविले की पत्रावर तारीख घालण्याची सवय ठेवावी. दुसरे काहीही कळविले नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. ज्या माणसाच्या शब्दावर बारा घरांनी मला त्यांची शेते मोजू दिली, त्याच्या मुलीला मी तिची चूक दाखविली आणि नकाशाच्या शाईकडे वळलो.

का, हेही सांगितले पाहिजे. पंचेचाळीस वर्षांत तो नकाशा कोणी मागितला नव्हता. माझा प्रबंध चौघांनी वाचला, त्यांतील तिघे परीक्षक होते. तू मागितलास. वारसिनीचे पत्र बाजूला ठेवण्यास मला निमित्त हवे होते आणि तिने तारीख न घालून ते दिले. त्या रविवारी, घड्याळे मागे घेतल्याच्या जादा तासात, मी सुखात होतो.

तू मला चुका पाठवून फसविलेस, असे मी या महिन्यात अनेकदा स्वतःला सांगून पाहिले. तेही पुरतेपणी खरे नाही. इशिताचा विनोद विनोदच असेल. तू न वाचण्याचे ठरविलेस आणि मी न सांगण्याचे. दोघांनी आपापले काम चोख केले.

तुझी नोकरी जाईल, हे मी जाणतो. असा दिवसांचा हिशेब मीही १९८३ साली केला आहे. माझ्या घरातील वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि येथील शाळा बरी आहे. आलात तर सुहासिनीची शिलाई मशीन तेवढी हलवावी लागेल. तू येणार नाहीस, हेही मला दिसते. सियाला काय सांगायचे ते तू ठरव. परंतु चित्रात तिने जाळी काढलेली नसेल, तर ती काढावयास सांगू नकोस.

कचेरीत हे किती मानले जाईल, ठाऊक नाही. वारसिनीने मंगळवारी विनीताच्या पत्त्यावर कळविले की, जाळीबाहेरची नऊ शेते पिवळी पडली आहेत आणि तिच्या हरकतीवर सही करणाऱ्या बारांपैकी पाचांनी या आठवड्यात सही मागे घेतली. रमजानच्या रोज्यांचे दिवस आहेत. संध्याकाळी उपवास सोडताना लोक एकमेकांच्या घरी जात नाहीत, असे ती लिहिते. तेथे हे कधी घडले नव्हते.

खालील यादी तुला, वारसिनीला आणि तिच्या जिल्हा कचेरीला एकाच वेळी पाठवीत आहे. इंडोनेशियन भाषांतर जोडले आहे. मागील पत्रांत, तुझ्या लेखात आणि नकाशावर ज्या तारखा चुकीच्या आल्या आहेत, त्यांची ही दुरुस्ती.

तुझा,
शैलेंद्र सबनीस

१. केडुंगलाबान येथील वास्तव्य: १९८१ नव्हे. १४ मे १९७९ ते २ फेब्रुवारी १९८०.

२. गावाची परवानगी: १९ ऑगस्ट १९७९, झऱ्यापाशी, स्लामेतानच्या जेवणात. अट पाक मार्तो यांनी घातली आणि मी बाराही घरांसमोर मान्य केली: नकाशा बाहेर द्यावयाचा झाल्यास आधी गावाला विचारावे. ही तारीख आजवर कोठेही लिहिलेली नव्हती.

३. नकाशाची मोजणी: ३ नोव्हेंबर २०२४ नव्हे. २२, २३ व २४ ऑगस्ट १९७९. त्यावरील नावे त्या एका पाळीची आहेत.

४. कार्सो, विर्यो व गिना यांची झऱ्याजवळच्या तीन शेतांवरील पाळी: अखंड नव्हे. कार्सो ऑगस्ट १९८० पर्यंत, विर्यो १९८१ पर्यंत, गिना १९८२ पर्यंत. त्यानंतर एकेक करून सर्वांत खाली.

५. पाक मार्तो यांच्या घराची झऱ्याजवळची पाळी: १९८९, २००१, २०१३. पुढील, ऑगस्ट २०२५.

६. नकाशा टपालात टाकल्याचा दिवस: ३ नोव्हेंबर नव्हे, त्या दिवशी रविवार होता. सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, सकाळी दहा.

७. वारसिनीचे पहिले पत्र मला मिळाल्याचा दिवस: ९ नोव्हेंबर नव्हे. आलेल्या प्रत्येक पाकिटावर मी तांबड्या पेन्सिलीने तारीख घालतो. या पाकिटावरही ती माझ्याच अक्षरात आहे. बुधवार, ३० ऑक्टोबर २०२४.